आमचे पलीकडचे

लग्न होऊन मी पिंपरीला आले, तेव्हा सासरच्या छपराखाली माझ्या बाजूने पहिला शब्द बोलले ते आमचे पलीकडचे, आणि पुढे संसार म्हणून जे काही बोलणं झालं त्यातलंही निम्म्याहून अधिक त्यांच्याशीच झालं. माझ्या नवऱ्याचा नंबर त्यांच्या नंतर लागतो. यात नवऱ्याची बदनामी नाही. ते मुळातच मितभाषी, आणि पलीकडच्यांसमोर जगातला कोणताही माणूस मितभाषीच ठरला असता. पलीकडच्यांना नाव होतं, आडनाव होतं, कारखान्याच्या हजेरीत ते रोज पुकारलंही जात असे, पण आमच्या बराकीत ते कुणी कधी उच्चारलं नाही. ‘पलीकडच्यांना विचार’, ‘पलीकडच्यांकडे काडेपेटी असेल’, ‘पलीकडचे आले का बघ’, एवढ्यावर सगळ्यांचं भागत असे. गंमत म्हणजे ज्यांच्या खोलीला त्यांची खोली लागून नव्हती, तेही त्यांना पलीकडचेच म्हणत. एका माणसाने किती जणांच्या पलीकडे असावं याला काही मर्यादा असायला हवी, पण ती त्यांना कुणी घातली नव्हती.

बराकी म्हणजे लढाईच्या दिवसांत लष्कराने बांधलेल्या आणि लढाई संपल्यावर तशाच सोडून दिलेल्या लांबलचक पत्र्याच्या शेड. पुढे औषधांचा नवा कारखाना उभा राहू लागला, कोकणातून, नगरकडून, मराठवाड्यातून माणसं आली, तेव्हा सरकारने या शेडमध्ये फळ्यांचे आडोसे ठोकले आणि प्रत्येक कप्प्यात एकेक बिऱ्हाड बसवलं. आडोसा पुरुषभर उंचीचा, वर छपरापर्यंत सगळं मोकळं. त्यामुळे फोडणी एका घरात पडे आणि ठसका बराकभर लागे. याहून मोठं नवल दिव्याचं. सरकारने दोन बिऱ्हाडांत मिळून एक दिवा दिला होता. तो आडोशाच्या बरोबर वर टांगलेला आणि त्याचं बटण कुठल्या तरी एकाच बाजूला. आमच्या दिव्याचं बटण पलीकडच्यांच्या खोलीत होतं. म्हणजे आमच्या घरात उजेड कधी असावा आणि अंधार कधी, हे एका परक्या गृहस्थाच्या हाती. मी पुण्याच्या पेठेत वाढलेली. आमच्याकडे शेजारचा माणूस आपण होऊन हसला तर याला काय हवंय म्हणून लोक सावध होतात. मला हे सगळं ऐकून माहीत असतं तर मी बोहल्यावर उभी राहण्याआधी निदान बटणाची चौकशी केली असती.

गृहप्रवेशाच्या संध्याकाळी बराकीतल्या बायका जमल्या आणि नाव घे, नाव घे म्हणून मागे लागल्या. मी उखाणा पाठ करून आले होते, पण नव्या घराची ती शोभा पाहून तो डोक्यातून साफ गेला. मग मनाने जुळवत म्हटलं, “पत्र्याच्या बराकीला लाकडाचं दार...” आणि अडले. बायका वाट बघत राहिल्या. तेवढ्यात फळ्यांच्या पलीकडून एक खणखणीत पुरुषी आवाज आला, “वसंतरावांचं नाव घेते, चहा टाका चार!” बायका हसून लोळल्या. आमच्या घरात माणसं तीन. सासूबाई, आमचे हे आणि मी. चौथा चहा कुणाचा, हे विचारायची वेळच आली नाही, कारण सासूबाईंनी तो आधीच टाकलेला होता. आडोशाच्या वर एक हात आला, अंगठ्याचं नख गेलेला, तांब्याचं कडं घातलेला. सासूबाईंनी पाटावर चढून त्या हातात पेला दिला, हात खाली गेला, आणि भुरका ऐकू आला. “सूनबाई चांगली हाय, आक्का,” आवाज म्हणाला, “अडली तरी घाबरली न्हाई.” पुढे कित्येक दिवस मी त्यांना फक्त त्या हातावरून ओळखत होते. आडोशापलीकडे चेहरा असेल हे मान्य होतं, पण त्याची गरज पडली नाही.

पलीकडचे मूळचे चाकणच्या बाजूचे. घरी भाऊ, भावजया, कांद्याची शेती, सगळं नांदतं. कारखान्यात ते बाटल्या धुण्याच्या खात्यात होते. घर इतकं जवळ असताना बराकीत एकटे का राहता, असं मी एकदा विचारलं तर म्हणाले, “तितं माणसं लई हायती, पर समदी शेतावं. घरात बसलं तर बोलाया म्हशी. म्हशी ऐकत्यात चांगलं, न्हाई असं न्हाई.” लग्न का केलं नाही याचं कारण मात्र ते माणूस पाहून देत. सासूबाईंना सांगितलं होतं की पत्रिकेत मंगळ होता. आमच्या ह्यांना सांगितलं की मुलगी पसंत होती पण तिला ते पसंत नव्हते. मला म्हणाले, “बायकू आली असती तर दिवसभर तिचंच ऐकाया लागलं असतं, सूनबाई. मंग तुमचं कवा ऐकलं असतं?” या तिन्हींतलं खरं कोणतं, याचा बराकीत अधूनमधून खल होई, आणि त्या खलातही आपल्या बाजूने ते उत्साहाने भाग घेत.

आडोशाविषयी त्यांचा एक सिद्धान्त होता. ऐकू येत असताना गप्प बसणं हे त्यांच्या मते फसवणुकीत मोडे. “कानावं तर पडतंयच,” ते म्हणत, “मंग ऐकून उगं राहिलं तर ती चोरीच की. जबाब दिला म्हंजी त्यांस्नी बी कळतं, कुणी तरी ऐकतंय.” त्यामुळे आमच्या घरात कुणीही कुणालाही प्रश्न विचारला की उत्तर पलीकडून येई. भात लागला का, असं सासूबाईंनी मला विचारलं की, “वास तर येतोय, आक्का.” दळण कुठे ठेवलंय, असं मी ह्यांना विचारलं की, “खाटंखाली. मी काल सरकवलेलं ऐकलं.” कुणाला जेवताना ठसका लागला आणि कोण आठवण काढतंय असं कुणी म्हणालं, तर ते तत्परतेने कबुली देत, “मीच काढली.” आणि सासू-सुनेचं भांडण म्हणजे तर त्यांच्या हक्काचं क्षेत्र. त्यात ते पक्ष घेत, पण कायम एकाच बाजूचा घेत नसत. सकाळी सासूबाईंचं बरोबर असे, संध्याकाळी माझं. त्यांची दुसरी पाळी लागली की आमच्या भांडणांना मजा राहत नसे. आम्ही दोघी दोन-चार वाक्यं बोलून थांबत असू आणि उरलेलं त्यांच्या सुट्टीच्या दिवसावर ठेवत असू.

असा माणूस नव्या जोडप्याच्या उशाशी असणं म्हणजे काय, हे ज्यांना विचारावंसं वाटेल त्यांना सांगते की पलीकडच्यांइतकं सभ्य माणूस मी दुसरं पाहिलं नाही. जेवणं आटोपली की ते आवाज चढवून जाहीर करत, “सूनबाई, दिवा घालवतो. आणि मी आता झोपलो हाय.” पाठोपाठ घोरणं सुरू होई. ते इतक्या शिस्तीत चाले की ते खोटं आहे हे शेंबड्या पोरालाही कळावं. एकदा ह्यांनी न राहवून मला हळूच काही गमतीचं सांगितलं आणि मी हसले, तर घोरणं क्षणभर अडखळलं आणि मग दुप्पट जोरात सुरू झालं. सासूबाई दाराशी खाट टाकून झोपत. दुसऱ्या दिवशी त्या म्हणाल्या, “काल पलीकडच्यांना हसू आवरताना फार त्रास झाला बाई.”

चाकणच्या बाजारात भावाने कांदा आणला की पलीकडचे सायकलवर पोतं लादून यायचे आणि बराकभर वाटायचे. वाटण्यातही त्यांचं शास्त्र. ज्या घरात आठवडाभर भांडणं फार झाली त्यांना गोडसर कांदा, आणि जिथे फारच गोडीगुलाबी चालली होती तिथे झणझणीत. “तेवडंच डोळ्याला पानी ईल,” असं त्याचं समर्थन. आमच्या ओळीच्या शेवटच्या खोलीत एक म्हाताऱ्या मावशी मुलाबरोबर राहत. गुडघ्यांनी त्यांना पार बसवलं होतं. त्यांचं नळाचं पाणी पलीकडचेच भरून देत, आणि पाणी भरता भरता रांगेतल्या बायकांच्या घरची हालहवाल मावशींना इतकी तपशीलवार सांगत, की मावशी कधी नळावर गेल्या नाहीत पण नळावरच्या कोणत्याही वादात त्यांचाच शब्द शेवटचा मानला जाई.

आणि मग सरकारला आमची कीव आली. बराकी माणसांनी राहण्याजोग्या नाहीत, हे आम्ही तिथे इतकी वर्षं राहून झाल्यावर वरच्या कुणाच्या तरी ध्यानात आलं. लोहमार्गाच्या अलीकडच्या माळावर चार पक्क्या इमारती उठल्या, अ, ब, क आणि ड, प्रत्येकीला तळमजला आणि वर एक मजला. बराकी पाडून तिथेही पुढे असंच काही व्हायचं होतं. एके दिवशी मांडव घालून आम्हाला गोळा केलं आणि जागावाटपाचे साहेब भाषणाला उभे राहिले. माणूस भला होता. त्याला खरंच आमचं बरं व्हावं असं वाटत होतं. प्रत्येकाला स्वतःचा नळ, स्वतःची मोरी, स्वतःचा दिवा, असं एकेक सांगत ते शेवटी म्हणाले, “आणि विटांच्या जाड भिंती. यापुढे शेजाऱ्यांचा तुम्हाला काडीचा त्रास होणार नाही.” टाळ्या पडल्या. टाळ्या थांबल्यावर मागून पलीकडच्यांचा आवाज आला, “सायेब, मंग आमी करायचं काय?” साहेबांना वाटलं हा गृहस्थ नोकरीविषयी विचारतोय. ते म्हणाले, कारखाना चालूच राहणार आहे, काळजी करू नका.

खोल्या चिठ्ठ्या टाकून वाटायच्या होत्या, म्हणजे कुणावर अन्याय नको. बराकवार एकत्र जागा द्या, असं काही जणांनी सुचवून पाहिलं, पण त्यात वशिला होतो असं साहेबांनी समजावलं, आणि ते ऐकताना आम्हालाही पटलं. एका डब्यात हात घालून जो तो आपलं नशीब काढू लागला. आम्हाला अ इमारतीत तळमजला आला. आमच्या ओळीतलं दुसरं कुणी त्या इमारतीत नव्हतं. नांदेडकडचं जोडपं ब मध्ये गेलं, समोरचे क मध्ये, आणि पाय न उचलणाऱ्या मावशींना ड इमारतीचा वरचा मजला मिळाला, अगदी टोकाला, आगगाडीच्या बाजूला. पलीकडचे निघाले क मध्ये, तेही दुसऱ्या टोकाला. त्या संध्याकाळी आडोशापलीकडून काहीच ऐकू येईना, तेव्हा सासूबाईंनीच विचारलं, “काय हो, बरं नाही का?” उत्तर आलं, “आक्का, मला खिडकी नको, मोरी नको. मला तुमची भिंत पायजे.”

किल्ल्या हाती पडेपर्यंत दोघांच्या राजीखुशीने खोल्यांची अदलाबदल करायची मुभा होती. साहेबांनी ती दयाळूपणे ठेवली होती, एखाददुसऱ्या गरजू माणसासाठी. पलीकडच्यांनी तिचा जो उपयोग केला तो साहेबांच्या स्वप्नातही नसेल. कारखान्यातून सुटले की ते माळावरच्या अर्धवट इमारतींत आणि निरनिराळ्या बराकींत फिरू लागले, आणि कुणाला काय हवंय आणि काय नको याचा असा काही थांग लावला की ऐकून थक्क व्हावं. एकाला पूर्वेचं दार हवं होतं. एकाला भावाच्या इमारतीत जागा मिळाली होती, तर तो भावापासून सुटायला काहीही द्यायला तयार होता. एका बाईला आपल्या डोक्यावर दुसऱ्याची मोरी चालत नव्हती. एक क्रेनवाला आमच्या शेजारची खोली मिळूनही उदास होता, कारण त्याला उंचावर राहायची सवय होती. पलीकडच्यांनी याचं त्याला आणि त्याचं तिसऱ्याला केलं, कुठे कांदे पोचवले, कुठे पुतण्यासाठी मुलगी बघण्याचं कबूल केलं, आणि बघता बघता आमची सगळी ओळ अ इमारतीत आणून बसवली. क्रेनवाला आनंदाने वर गेला. आमच्या भिंतीला लागून असलेली खोली पलीकडच्यांना मिळाली. त्या दिवशी त्यांनी आडोशावरून हात काढून सासूबाईंच्या हातावर पेढा ठेवला आणि म्हणाले, “भिंत जाड हाय खरी. पर मी बी काय बारीक बोलत न्हाई.”

राहिल्या होत्या एकट्या मावशी. ड इमारतीचा वरचा मजला, टोकाची खोली, जिन्याला अजून कठडाही बसला नव्हता, आणि ती खोली घ्यायला तळमजल्यावरचा एकही माणूस तयार होईना. पलीकडच्यांनी सगळ्यांच्या विनवण्या केल्या. शेवटच्या दिवशी ते मावशींच्या मुलाला घेऊन कचेरीत गेले आणि परत आल्यावर सासूबाईंना म्हणाले, “आक्का, मावशी तुमच्या शेजारी आल्या.” सासूबाईंनी विचारलं, “आणि तुम्ही?” ते म्हणाले, “मावशींचं गुडघं जिना चढत न्हाईत. माझा आवाज काय, कुटूनबी यील.” सासूबाईंनी त्यांना चांगलं फैलावर घेतलं. कुणी सांगितला होता शहाणपणा, आमच्याशी बोलायचं होतं, आम्ही मावशींसाठी काही तरी काढलंच असतं. पलीकडून एकही उत्तर आलं नाही. त्यांच्याच सिद्धान्ताप्रमाणे ही चोरी होती, पण त्या दिवशी त्यांनी ती केली.

नव्या घरी गेल्यावर आम्ही सुखी झालो, हे आधी कबूल केलं पाहिजे. फरशी इतकी गुळगुळीत की पायांचे ठसे उठत. मोरीत नळ सोडला की पाणी येई आणि त्यासाठी कुणाशी भांडावं लागत नसे. पहिल्या संध्याकाळी जेवणं झाल्यावर ह्यांनी स्वतःच्या दिव्याच्या स्वतःच्या बटणावर हात ठेवला, आणि मोठ्याने विचारलं, “घालवू का?” मी आणि सासूबाई समोरच होतो, पण ते आम्हाला विचारत नव्हते. ते थोडा वेळ भिंतीकडे बघत थांबले, आणि मग ओशाळून त्यांनी बटण दाबलं. सासूबाईंचंही तेच. आमटीत मीठ पडलं की नाही असं विचारून त्या थांबत. मी उत्तर देत असे, पण माझ्या उत्तराने त्यांचं समाधान होत नसे. वासावरून मीठ सांगणारा माणूस त्यांना हवा होता.

आणि ज्यांना पलीकडच्यांनी एवढी यातायात करून एका इमारतीत आणलं, त्यांचं काय? त्यांना आम्ही आणि आम्हाला ते दिसेनासे झाले. दारं बंद, कारण नव्या फरशीवर धूळ यायची. नळावर गाठ पडेना, कारण नळ ज्याच्या त्याच्या घरी. काडेपेटी मागायला जावं तर दार वाजवावं लागे, आणि एका काडीसाठी कुणाचं दार वाजवायचं, म्हणून आम्ही सगळ्यांनी काडेपेट्या विकत आणल्या. भिंतीपलीकडे मावशी राहत होत्या, त्या तिथे आहेत हे आम्हाला त्यांच्या नळाच्या आवाजावरून कळे. मध्ये त्यांना ताप येऊन गेला, तो उतरल्यावर आमच्या कानावर आला. जवळ आणण्याचं काम पलीकडच्यांनी चोख केलं होतं. पण बराकीत आमच्यात बोलणं व्हायचं ते आम्ही जवळ होतो म्हणून होत नव्हतं, एक माणूस सगळ्यांच्या मधे बोलत होता म्हणून होत होतं, हे आम्हाला तोवर ठाऊक नव्हतं.

पलीकडच्यांनी आधी आवाजाचा प्रयोग केला. रोज सकाळी ड इमारतीच्या वरच्या सज्जात उभे राहून ते माळ ओलांडून हाक देत, “आक्का, चहा झाला का?” हाक आमच्यापर्यंत येई, उत्तर तिकडे जात नसे, आणि मधल्या सगळ्या इमारतींतली रात्रपाळीची माणसं जागी होत. तक्रार झाली. मुकादमाने येऊन समज दिली की ही बराक नाही, इथे सुधारलेली माणसं राहतात. हाका बंद झाल्या.

मग एका रविवारी दारावर टकटक झाली. दार वाजण्याची आम्हाला अजून सवय नव्हती. सासूबाईंनी पदर सारखा केला, मी पोळपाट झाकला आणि दार उघडलं. बाहेर पलीकडचे, धुतलेला सदरा घालून, टोपी हातात धरून. “या, या,” सासूबाई म्हणाल्या, आणि नव्या घरासाठी घेतलेली घडीची खुर्ची त्यांनी स्वतः उलगडून ठेवली. मी कपबशीतून चहा दिला. ते खुर्चीच्या कडेला बसले. आणि काय सांगू, त्यांना बोलता येईना. “बरं हाय ना समदं?” ते म्हणाले. बरं आहे, सासूबाई म्हणाल्या. “पानी येतं ना?” येतं. मग ते फरशीकडे बघत बसले. मी त्यांना पहिल्यांदाच इतकं समोरून बघत होते. डोळे घारे आहेत हे मला माहीत नव्हतं. आम्हालाही काही सुचेना. त्या आवाजाशी आमची जन्माची ओळख होती, पण हे लाजरे पाहुणे आमच्या ओळखीचे नव्हते. बशी खाली ठेवताना ते हळूच म्हणाले, “खुर्ची कशाला काडली आक्का.” सासूबाईंना वाटलं हा संकोच आहे, म्हणून पुढच्या रविवारी त्यांनी खुर्चीवर उशीही घातली. त्या रविवारी ते चहा अर्धा ठेवून उठले. त्यानंतर आलेच नाहीत. सुट्टीला चाकणकडे जातात, असं ह्यांना कारखान्यात कळलं. खोली सोडून गावाकडूनच ये-जा करायचा विचार चाललाय, असंही कुणी तरी सांगितलं.

हे ऐकल्यापासून सासूबाईंचं चित्त ठिकाणावर राहिलं नाही. दोन दिवस त्या स्वतःशी पुटपुटत होत्या. तिसऱ्या दिवशी भाजी निवडता निवडता एकदम म्हणाल्या, “आपलंच चुकलं. आपण त्यांना समोर बसवलं. जो माणूस आपल्याशी कधी तोंड बघून बोलला नाही, त्याला आपण उजेडात खुर्चीवर बसवून ठेवलं.” आणि त्यांनी ह्यांना निरोप दिला, “त्यांना म्हणावं, लसूण सोलायची पडलीय, आक्कांनी बोलावलंय.” हे म्हणाले, अगं, घरी आलेल्या माणसाला लसूण सोलायला सांगायचं? त्या म्हणाल्या, “तेच तर सांगायचंय.”

रविवारी टकटक झाली. सासूबाई उठल्या नाहीत. आतूनच ओरडल्या, “दार कशाला वाजवता? बाहेर खिडकीखाली सूप ठेवलंय बघा, बसा तिथे. आत येऊ नका, फरशी पुसलीय.” फरशी पुसलेली नव्हती. मी खिडकीच्या आत उभी राहून ऐकत होते. बाहेर कुणी तरी भिंतीला पाठ टेकून बसलं. लसणाचा पापुद्रा निघाल्याचा आवाज आला. सासूबाई खिडकीखाली आतल्या बाजूने बसल्या आणि मला म्हणाल्या, जरा मुद्दामच मोठ्याने, “काय झालंय कोण जाणे, परवापासून आमटी आंबट होतेय.” मी काही म्हणणार, तोच त्यांनी मला हाताने थांबवलं.

“आमसूल जुनं घ्या, आक्का,” खिडकीबाहेरून आवाज आला. “नवं लई चढतं.”

“जुनं कुठलं आता, ते बराकीतच संपलं.”

“मावशींकडं हाय. बराक सोडताना मीच त्यांचा डबा बांदला, तवा बगितलं.” आणि त्यांनी तिथूनच आवाज दिला, “मावशे! आमसूल हाय का गं?” शेजारचं दार उघडलं. भिंत धरत धरत मावशी बाहेर आल्या, एवढ्या दिवसांत प्रथमच, आणि त्यांनी आमसुलाआधी त्यांना विचारलं की त्या नांदेडच्या पोरीला दिवस गेलेत हे खरं का. पलीकडच्यांना ते ठाऊक होतं. ड इमारतीत बसून ते त्यांना कसं कळलं, हे देवच जाणे. मग वरचं दार उघडलं, समोरचं उघडलं. क्रेनवाला वरून वाकून म्हणाला, माझ्या मोरीखाली कुणाची कुरकुर आहे का, एकदा सांगून टाका. ह्यांनी खुर्ची बाहेर नेऊन मावशींना बसवली. मी आणि सासूबाईंनी त्या संध्याकाळी बऱ्याच दिवसांची साठलेली भांडणं काढली आणि पलीकडच्यांनी दोन्ही बाजू घेतल्या. खिडकीतून मला त्यांचं फक्त टाळकं दिसत होतं, आणि मला ते पुष्कळ वाटलं.

दिवेलागण झाली तेव्हा ते उठले. सोललेला लसूण सुपात नीट गोळा केला, पापुद्रे झटकले. सासूबाई दारापर्यंत गेल्या आणि म्हणाल्या, “येत जा हो.”

“व्हय आक्का, येतो की,” ते म्हणाले, आणि टोपी घालून ड इमारतीकडे चालू लागले.

सासूबाई दारातच उभ्या राहिल्या. मी आमटी उतरवून आले तरी उभ्याच. मला वाटलं, त्या त्यांना जिना चढताना बघताहेत. मग माझ्याकडे न वळताच त्या म्हणाल्या, “इतकी वर्षं गेली गं, त्यांना कधी ‘येत जा’ म्हणावं लागलं नव्हतं.”